चहाला या

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी म्हटलं, त्यावर रोज ऑफिसात बोलते, इथं तरी सुट्टी द्या. मग कशावर बोलणार? म्हटलं, चहावर. पलीकडे जरा शांतता झाली. मग ते म्हणाले, "ठीक आहे, पण वेळेत आवर. तुझ्यानंतर चहाच आहे." तेव्हा विषय निदान वेळेला धरून आहे.

आपलं कोल्हापूर म्हणजे खरं तर दुधाचं गाव. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात. आमच्या गल्लीतल्या तालमीत चहाचं नाव काढलं की वस्ताद डोळे वटारायचे. तरीही या गावात कुणाच्या दारात पाच मिनिटं उभं राहिलं की आतून हाक येते, "च्या पिऊन जावा की!" घाईत आहे म्हटलं तर "अर्धा तरी घ्या." तोही नको म्हटलं तर "आमच्यात चालत नाही का?" हा शेवटचा प्रश्न लक्षात ठेवा. मला ज्याविषयी बोलायचं आहे ते त्या प्रश्नात आहे.

चहा आपल्याकडे किती मुरला आहे हे भाषेतच दिसतं. आपण चहा करत नाही, 'टाकतो'. चहाला 'बोलावतो'. सरकारी कामात 'चहापाणी' म्हणजे काय, ते सांगायला नको. साहेबांपेक्षा त्यांचा पीए जास्त तापला की 'चहापेक्षा किटली गरम'. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सरकार विरोधी पक्षाला चहापानाला बोलावतं, आणि 'विरोधकांचा चहापानावर बहिष्कार' ही बातमी आपण इतक्या वेळा वाचली आहे की ती पाठ झाली आहे. गंमत वाटते, पण त्यात अर्थ आहे. भाषण ऐकून घेता येतं, हस्तांदोलन करता येतं; चहा एकत्र प्यायला मात्र जरा मन जुळावं लागतं.

आणि तरी हा पदार्थ आपला जुना नव्हे. आसामात मळे उभे राहिले आणि १८३९ साली तिथल्या चहाचा लंडनमध्ये लिलाव झाला, तेव्हा तो इंग्रजांसाठीच होता. इथल्या लोकांना तो प्यायला शिकवण्याचा उद्योग विसाव्या शतकातला. १९०३ साली चहावर कर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पुढे रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याचे फलक लागले, गिरण्या-कारखान्यांत चहाची सुट्टी सुरू झाली. त्या फलकांनी सांगितलेला चहा मात्र आपण केला नाही. आपण तो दूध, साखर आणि आलं घालून उकळला.

आता थोडं शास्त्र, नाहीतर मी इंजिनिअर आहे यावर आमच्या गणिताच्या सरांचा अजूनही विश्वास बसणार नाही. आपण वापरतो ती पावडर बहुतेक सीटीसी असते. पान चिरडणं, फाडणं आणि वळणं, या तीन कामांच्या इंग्रजी नावांची ही आद्याक्षरं. ही पद्धत १९३०च्या दशकात आसामात आली. पानाची बारीक दाणेदार पावडर होते, रंग झटकन उतरतो आणि थोड्या पावडरीत जास्त कप होतात. म्हणून ती गाड्यावाल्याला परवडते. दार्जिलिंगच्या नाजूक पानाला असं खळखळा उकळलं तर ते कडवट होईल. ही पावडर सोसते. दूध घातलं की त्यातली प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात आणि जिभेवरचा तुरटपणा उतरतो. आल्यात मात्र प्रथिनं तोडणारं विकर असतं, म्हणून कच्चं आलं थेट दुधात पडलं तर दूध फाटू शकतं. पाण्यात आधी उकळलं की ते विकर निकामी होतं. माझ्या आजीला विकर हा शब्द ठाऊक नव्हता, पण आलं आणि गवती चहा आधणातच पडायचा, आणि वेलदोडा अगदी शेवटी, पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता, कारण त्याचा वास उडून जातो. बशीत ओतलेला चहा लवकर निवतो, कारण पृष्ठभाग वाढतो. तो फुर्र आवाज करत ओढला की वास नाकापर्यंत जास्त पोचतो. तेव्हा ज्यांना घरी "आवाज करू नका" असं ऐकावं लागतं, त्यांनी हे कारण खुशाल सांगावं.

पण मगाचा तो प्रश्न, "आमच्यात चालत नाही का?" एके काळी हा प्रश्न थट्टेचा नव्हता.

मी गेली वीस वर्षं पुण्यात आहे. गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचं चर्च आहे, त्याचा मनोरा दुरून दिसतो. १८९० साली तिथे एका सभेला पुण्यातली मोठी मोठी मंडळी गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. सभेनंतर मिशनच्या लोकांनी चहा आणि बिस्किटं पुढे ठेवली. काहींनी घेतला, काहींनी नुसता मान ठेवला. पुढे गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, आलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा! गावात गदारोळ उठला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, बहिष्काराची भाषा झाली, शेवटी प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. एवढी विद्वान माणसं, आणि एका कपापायी केवढं रामायण!

मला वाटतं, हे चहावरून झालं यालाही कारण आहे. जेवणाच्या पंगतीचे नियम पक्के होते. कोण कुणाच्या पंक्तीला बसणार, हे जन्मतः ठरलेलं होतं. चहा नवा होता. तो जेवण धरायचा की नुसतं पाणी, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे बरोबरीनं बसू पाहणाऱ्यांना तिथे एक फट सापडली, आणि ती बुजवू पाहणारेही तिथेच धावले.

दुसरी गोष्ट आपल्या गावची. ती आपण शाळेत ऐकली आहे, पण पुन्हा सांगण्याजोगी आहे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, स्वतःचा धंदा काढ. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. नाव ठेवलं 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तर महाराज स्वतः येऊ लागले. गाडी हॉटेलासमोर थांबायची, महाराज चहा मागवायचे, आणि बरोबरच्या अधिकाऱ्यांनाही पाजायचे. राजा पितो म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

महाराजांनी कायदे केले, राखीव जागा दिल्या, वसतिगृहं बांधली. ती कामं फार मोठी आहेत. पण मला हा चहा विसरता येत नाही. हुकूम काढून माणसाला नोकरी देता येते; त्याच्या हातचं खाता-पिता येण्यासाठी आपला हात पुढे करावा लागतो. त्यानंतरही आपल्याकडे कित्येक गावांत हॉटेलाच्या बाहेर वेगळ्या कपबश्या ठेवलेल्या असायच्या, आणि पिणाऱ्यानं आपली कपबशी आपणच विसळून ठेवायची. आपल्यापैकी काहींच्या वडिलांनी, आजोबांनी त्या कपांतून चहा प्यायला आहे. आज ते इथे बसले असतील, तर ही गोष्ट त्यांनी मला सांगायला हवी, मी त्यांना नव्हे.

मी सांगू शकते ती तिसरी गोष्ट, आणि ती आम्हा मुलींची.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेमागच्या चहाच्या गाड्याचा विषय निघाला की मुलांच्या मेसेजचा पाऊस पडतो. मधल्या सुट्टीत भिंतीवरून उडी, एक चहा दोघांत, बटर बुडवताना कपात पडलं म्हणून झालेली मारामारी, दहावीच्या निकालादिवशी फेडलेली उधारी. आम्हा मुलींचा त्यात एक मेसेज नसतो. कारण आम्ही तिथे कधी गेलोच नाही. मुलींनी जाऊ नये असं फळ्यावर कुणी लिहिलं नव्हतं. लिहावं लागलं नाही, एवढंच.

घरी मात्र चहा आमच्याच हातात होता. वयाच्या दहाव्या वर्षी पाहुण्यांसाठी ट्रे न सांडता आणता येणं ही मोठी कमाई होती. आई सगळ्यांचे कप भरायची आणि उरलेला स्वतःच्या, कान तुटलेल्या कपात ओतून ओट्याशी उभ्यानं प्यायची. तोवर तो गार झालेला असायचा. पुढे मी इंजिनिअर झाले, नोकरीला लागले. पहिल्याच वर्षी बाहेरचे पाहुणे मीटिंगला आले. खोलीत सहा जण, त्यांत बाई मी एकटी. साहेब सहज म्हणाले, "मॅडम, जरा चहाचं बघता का?" पाहुणे जो प्रोग्रॅम बघायला आले होते, तो मी लिहिला होता. मी फोन उचलून कँटीनला सहा चहा सांगितले आणि खुर्चीत बसूनच राहिले. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. सवय होती. पण त्या सवयीनं पंगतीत कोण बसणार आणि वाढायला कोण उठणार, हे आधीच ठरवून टाकलं होतं. आता माझ्या टीममध्ये नवी मुलगी आली की पहिल्या मीटिंगला मी मुद्दाम एखाद्या मुलाकडे किटली सरकवते. मुलं छान ओततात. थोडा सांडतात, पण शिकतात.

शिकायला वय नसतं, याचा पुरावा आमच्या घरी आहे. काही वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सत्तरीच्या माझ्या बाबांनी पहिल्यांदा गॅसजवळ उभं राहून आतल्या खोलीत आवाज दिला, "अगं, आधण आलं हे कळतं कसं?" आईनं पलंगावरून सगळं सांगितलं. आठवडाभर कधी नुसतं गोड पाणी, कधी काढा. मग जमलं. तेव्हापासून सकाळचा पहिला चहा बाबांचा. सुरुवातीला आईचं रोज तोंड भाजायचं. गरम चहाची तिला सवयच नव्हती.

काल संध्याकाळी आम्ही नऊ जणी त्या शाळेमागच्या गाड्यावर गेलो. गाडा आता पहिल्या मालकांचा मुलगा चालवतो. "बसा की ताई," म्हणून त्यानं बाकडं पुसून दिलं. चहाला साखर अंमळ जास्त, आलं कमी. मुलांनी एवढं कौतुक केलं होतं तेवढा काही तो नाही, हे मी या व्यासपीठावरून जाहीर करते. पण तिथे बसलं की आपल्या शाळेची मागची भिंत दिसते. दहा वर्षं या शाळेत काढून ती भिंत त्या बाजूनं आम्ही पहिल्यांदा पाहिली. तासभर बसलो. नवऱ्यांबद्दल बोललो, मुलांबद्दल बोललो, एकीच्या आजारपणाबद्दल बोललो, जे तिनं ग्रुपवर कधी लिहिलं नव्हतं. दुसरा चहा सांगितला, तो त्यासाठीच.

चहाचं सुख मला वाटतं ते एवढंच आहे. दहा-पंधरा मिनिटं कुणी कुणाचं साहेब नाही, कुणी वाढपी नाही, प्रत्येकाच्या हातात सारखाच कप.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत, तेव्हा एक विनंती करून थांबते. आपल्या शाळेचे शिपाईमामा आणि मावशी आज पाहुणे म्हणून आले आहेत, तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मामांनी ती ॲल्युमिनियमची किटली घेऊन टीचर्स रूमकडे किती खेपा घातल्या, त्याची मोजदाद नाही. मावशींनी किती कप विसळले, त्याचीही नाही. बाहेर चहा तयार आहे. १९९६च्या बॅचच्या मुलांनी आज किटली हातात घ्यावी, पहिले दोन कप मामांना आणि मावशींना द्यावेत, आणि मग त्यांच्याशेजारी बसून आपला घ्यावा. मामा, साखर किती, ते यांना नीट सांगा. यांना अंदाज नाही.

चला, चहाला या.