कॅमेऱ्यासमोर हललेला हात



मला माध्यमांवर बोलायला सांगितलंय. मी एका पत्रकाराबद्दल बोलतो आणि जोडीने माझ्या अब्बांबद्दल. दोघांचा आजार एकच.

रोरी केथलन-जोन्स १९८१ मध्ये बीबीसीत लागले, तेही लीड्सच्या एका कार्यक्रमात संशोधक म्हणून, म्हणजे अगदी खालच्या पायरीवर. पुढे अर्थविषयक बातमीदार झाले, आणि २००७ पासून तंत्रज्ञान प्रतिनिधी. मे २०१९ मध्ये लंडनहून ५जी नेटवर्कवरून ते थेट प्रक्षेपण करत होते. बातमी ५जीची, पण प्रेक्षकांना दिसला तो त्यांचा थरथरणारा हात. मग त्यांनी ट्विटरवर स्वतःच सांगून टाकलं: मला पार्किन्सन्स आहे. त्यानंतरही ऑक्टोबर २०२१ पर्यंत ते बीबीसीत काम करत राहिले.

हे वाचलं तेव्हा मला आमचं मिरजेतलं दुकान आठवलं. अब्बा टेलर. कंप नंतर आला, आधी बदललं ते मापाच्या वहीतलं अक्षर. छाती, कंबर, बाही, आकडे बारीक बारीक होत गेले. आम्ही म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग काज करताना सुई हलायला लागली. शेजारी म्हणाले, नजर लागली. दोन वर्षं एका बाबाकडे खेटे घातले. ताबीज आणायला मीच जायचो, बीएस्सी झालेला मी.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी ती वही बघितली आणि समजावलं. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात. त्यामुळे हालचाल मंदावते, अंग ताठरतं, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, आवाज बारीक होतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं वर्णन १८१७ मध्येच लिहून ठेवलंय. आजार पूर्ण बरा होत नाही, पण लेवोडोपाने पुष्कळ फरक पडतो. मात्र गोळी वेळेवर हवी.

इथेच आमचं भांडण झालं. रमजान आला आणि अब्बांनी दिवसाच्या गोळ्या बंद केल्या. चौथ्या रात्री तरावीहला उभे राहिले आणि पाऊलच उचलेना. दोघांनी धरून घरी आणलं. आजाऱ्याला रोजातून सवलत कुराणातच आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. अडचण वेगळी होती. रोजा सोडला तर कारण सांगावं लागलं असतं. हात खिशात लपवता येतो, रोजा कसा लपवणार?

मी त्यांना १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकचा व्हिडिओ दाखवला. मुहम्मद अली ज्योत पेटवतायत, डावा हात थरथरतोय, अख्खं जग बघतंय. अब्बांनी तो तीनदा लावायला सांगितला.

केथलन-जोन्स आता पॉडकास्ट करतात. २०२३ मध्ये सहा जणांनी मिळून तो सुरू केला. सहाही जणांना पार्किन्सन्स. त्यात जेरेमी पॅक्समन आहेत, एक निवृत्त न्यायाधीश आहेत. पबमध्ये बसून बोलतात (हे अब्बांना मी सांगितलेलं नाही). २०२४ मध्ये, ११ एप्रिलच्या पार्किन्सन्स दिनाच्या सुमारास, रुग्णांच्या मागण्या घेऊन ते थेट पंतप्रधानांच्या दारात गेले.

अब्बांना इंग्रजी येत नाही, तरी एक भाग त्यांनी पूर्ण ऐकला. मग म्हणाले, "इतना हँसते कायकू रे ये लोगां?"

मी सांगितलं, यांनाही तुमचाच आजार आहे.

ते बराच वेळ गप्प होते. मग पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाची सभा कधी असते, ते विचारलं.