रस्त्यांत राहिलेला दगड



दिवाळी सरली, कीं आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतों त्या जिल्ह्यांत, साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि रस्त्यांचें रूप पालटतें. राहुरीवरून कोपरगांवकडे जाणारा मनमाडचा रस्ता घ्या, किंवा संगमनेरवरून जाणारा पुणें-नाशिकचा घ्या. उंसाच्या गाड्यांची रीघ रात्रंदिवस चालू असते. याच रस्त्यांवरील एका अगदीं साध्या वस्तूविषयीं, एका दगडाविषयीं, मी आज बोलणार आहें.

सायंकाळची वेळ आहे. दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर चालला आहे, आणि वाटेंत टायर फुटतो. चालक उतरतो, चाकामागें दगड लावतो. मागून येणाऱ्यांनीं सावध व्हावें म्हणून आणखी चार-सहा दगड गाडीभोंवतीं मांडतो, त्यांवर एखादी हिरवी डहाळी ठेवतो. हेतु चांगलाच असतो. दोन-तीन तासांनीं चाक बदललें जातें आणि ट्रॅक्टर मार्गस्थ होतो. दगड मात्र तेथेंच राहतात. सायंकाळीं जो दगड पहारेकरी होता, तोच रात्रीं दबा धरून बसलेला वैरी होतो.

थोडा हिशेब करून पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटारसायकल एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर पुढें जाते. दगड दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. त्यानंतर गाडी उभी राहण्यास आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. दिव्याचा खालचा झोत मात्र साधारण तीस-चाळीस मीटरांपुरताच स्पष्ट उजेड देतो. त्यांत समोरून मोटार आली, तिच्या प्रखर दिव्यांनीं डोळे दिपले, कीं तेवढेंहि अंतर उरत नाहीं. दगड दिसतो, परंतु दिसून उपयोग होत नाहीं.

दगडाचीं भावंडेंहि पुष्कळ आहेत. खच्चून भरलेली गाडी गतिरोधकावर आदळते आणि एखादी मोळी निसटते. उंसाचें कांडें गोल व गुळगुळीत असतें. दुचाकीच्या चाकाखालीं आलें, कीं तें लाटण्यासारखें फिरतें. दंवानें भिजलेलें पाचट तर तेलासारखें निसरडें होतें. आणि ट्रेलरच्या मागें हातभर बाहेर आलेले ऊंस, अंधारांत, मागें दिवा नसतांना, मागून येणाऱ्याच्या थेट तोंडाशीं येतात.

हें सारें घडतें कां? गाडीवान निष्काळजी असतो म्हणून, असें आपण चटकन् म्हणतों. पण थोडें मागें जाऊन पाहावें. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि कालव्यांखालीं ऊंस पसरला. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं १९५० सालीं लोणीजवळ प्रवरानगर येथें महाराष्ट्रांतील पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यामागून इतर कारखाने आले, आणि जिल्ह्याचें दैन्य पुष्कळ अंशीं फिटलें. परंतु या साऱ्या व्यवहाराचें माप एकच आहे : टन. पाथर्डी तालुक्यांतून किंवा शेजारच्या बीड जिल्ह्यांतून कोयता घेऊन आलेल्या मजुराची तोडणी टनावर, आणि वाहतूकदाराचें भाडेंहि टनावर. जास्त भरणाऱ्यास जास्त मिळतें. नीट बांधणाऱ्यास कांहींच अधिक मिळत नाहीं. मग दोराचा एक वेढा कमी पडला तर नवल तें काय? शिवाय रात्रीं-अपरात्रीं त्या गाडीवर बसणारा माणूस स्वतःचाहि जीव धोक्यांत घालीत असतो, हें विसरून चालणार नाहीं.

म्हणून उपाय रस्त्यावर नव्हे, गाडी भरतांनाच योजला पाहिजे. बाहेर आलेले ऊंस फडांतच छाटावे. दोर आडवे-उभे आंवळावे, आणि ऊंस हालून बसतो म्हणून थोडें अंतर गेल्यावर ते पुन्हां तपासावे. मागील परावर्तक पट्टीवर धूळ बसली, कीं ती असून नसल्यासारखी होते. निघतांना तिच्यावरून एक फडकें फिरवावें. बैलगाडीच्या मागेंहि पट्टी किंवा दिवा असावा. आणि जेथें वजनकांटा आहे, तेथेंच बांधणी व दिवा पाहणारा एक माणूस कारखान्यांनीं उभा केला, तर पुष्कळ अनर्थ टळेल.

कायदा याबाबत मुका नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें धोकादायक रीतीनें वाहन रस्त्यांत सोडून जाण्यास मनाई केली आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनें, मर्यादेबाहेर माल काढून वाहन हांकणाऱ्यास वीस हजार रुपये दंड ठरविला आहे. परंतु दंड हा पकडला गेलेल्यास होतो. दगड सोडून गेलेला माणूस तोंवर दहा कोस पुढें गेलेला असतो, आणि आपल्या हातून काय झालें हें त्याला बहुधा कधींच कळत नाहीं. या अपराधाचें खरें भय यांतच आहे.

आतां आपल्याविषयीं थोडें. चालत्या ट्रॉलींतून मुलें ऊंस ओढतात आणि आपण कौतुकानें पाहतों. त्या ओढीनें मोळी सैल होते आणि मूल चाकाखालीं जाण्याचा संभव असतो. घर बदलतांना मोटारीच्या टपावर गादी नि खाट एका सुतळीनें बांधणारे आपणच असतों. तेव्हां दोष केवळ उंसाच्या गाडीचा नाहीं. रात्रीं अशा रस्त्यानें जातांना वेग कमी ठेवावा व पुढील गाडीपासून दूर राहावें. रस्त्यांत कांहीं पडलेलें दिसल्यास अंधारांत धांवत जाऊन उचलूं नये. गाडी रस्त्याच्या पार कडेला घेऊन ११२ या क्रमांकावर, राष्ट्रीय महामार्ग असल्यास १०३३ वर, कळवावें.

आपल्याकडे अंगणांत पाट मांडला तर जेवण झाल्यावर तो उचलावा, असें मुलांना शिकवितात. कोणी ठेंचाळूं नये, एवढाच त्यांतला अर्थ. रस्ता हेंहि सर्वांचें अंगणच आहे. चाक बदलून झालें, कीं मांडलेले दगड मोजून उचलावे आणि मगच गाडी चालू करावी. या कामाला पांच मिनिटें लागतात. त्या पांच मिनिटांमुळें कोणाच्या तरी घरीं वाट पाहणाऱ्यांची वाट पाहणी संपेल; कोणाच्या, तें आपल्याला कळणार नाहीं, आणि कळण्याची गरजहि नाहीं.