प्रकाशाचा चिमटा

मुंबईत पवईचा तलाव आहे. त्याच्या काठी आयआयटी आहे. तिथले प्राध्यापक रूप मल्लिक प्रकाशाचा चिमटा वापरून शरीरातल्या पेशींचा अभ्यास करतात. आज आम्ही त्याविषयी बोलणार आहोत.

प्रकाश वस्तूला ढकलतो. ऊन अंगावर पडतं तेव्हा तो धक्का आपल्याला कळतही नाही, इतका हलका असतो. पण वस्तू अगदी बारीक असेल तर तेवढाही पुरतो. लेसरचा किरण भिंगातून एका बिंदूवर आणला, की बारीक पारदर्शक कण त्या उजळ बिंदूकडे ओढला जातो आणि तिथेच अडकतो. अमेरिकेतल्या आर्थर अ‍ॅश्किन यांनी हे 1986 साली करून दाखवलं. 2018 मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा ते 96 वर्षांचे होते.

कण फारच लहान झाला की पकड सुटते. दहापट लहान कणावर ती हजारपट ढिली पडते. मग झोपाळ्याची युक्ती कामी येते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका झोका दिला तरी तो उंच जातो. तसाच कणाच्या स्वतःच्या कंपनाशी जुळणारा प्रकाशाचा रंग निवडला, तर पकड घट्ट होते. न जुळणारे कण मात्र मागेच राहतात. म्हणजे हे निवडण-टिपणच झालं.

या चिमट्याचा उपयोग काय? आपल्या शरीरातल्या काही पेशी जंतू गिळतात. गिळलेला जंतू नष्ट करण्याच्या जागी ओढून नेणारे हमाल पेशीत असतात. त्यांचं नाव डायनीन. मल्लिक तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्यांच्या गटानं पेशींना प्लास्टिकचे बारीक मणी गिळू दिले, मणी प्रकाशात धरला आणि हमाल किती जोर लावतात ते मोजलं. 2013 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं.

कायनेसिन नावाचा दुसरा हमाल एकेकटा जास्त ताकदवान असतो, पण त्याला जोडीनं ओढणं जमत नाही. डायनीन एकटा दुबळा. पण ओझं जड झालं की पुढचा डायनीन पाऊल छोटं करतो, मागचे त्याला गाठतात आणि भार सगळ्यांवर वाटला जातो. म्हणून त्यांचा गट मोठं ओझं ओढतो.

2016 च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. काळ्या आजाराच्या जंतूपासूनचा एक पदार्थ या हमालांना एकत्र जमू देत नाही. मग जंतू नष्ट होण्याच्या जागी पोचणं अडतं. अशा आजारांवर उपाय शोधताना ही माहिती कामी येऊ शकते.

मैत्रिणींनो, आपल्या गटात भार वाढतो तेव्हा पुढची पाऊल छोटं करते का? पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.