कंसातली कडी

नाटकाचं पुस्तक वाचताना आपण बहुतेक जण कंसातला मजकूर गाळतो. ‘उठतो’, ‘दाराकडे जाते’, ‘थांबते’ यात वाचायचं काय? नाटक म्हणजे संवाद, अशी माझीही समजूत होती. ती मोडली आमच्या पनवेलात.

आम्ही हौशी मंडळी विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ करत होतो. ‘रंगायन’ने १९६७ मध्ये रंगभूमीवर आणलेलं हे नाटक. दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे! आमच्याकडे मात्र साधा सुतारही नव्हता. दाराच्या जागी पडदा टांगला. संवाद एकही कापला नाही, दार तेवढं कापलं.

आता बघा. नाटक सुरू होताना गावातल्या त्या हॉलमध्ये सामंत आणि बेणारे दोघंच येतात. कडीत बेणारेचं बोट चिमटलेलं असतं. ही कडी जरा बाहेर राहिली की माणूस आत अडकतो, असं सामंत सांगतो. बेणारे मात्र हसत-बोलत राहते. दुखणं थट्टेवारी नेणारी बाई पाच मिनिटांत कळते, आणि पुढच्या संकटाची खुंटीही तिथंच ठोकली जाते, आपल्या नकळत.

मग लुटुपुटीचा खटला उभा राहतो. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. न्यायाधीश झालेले काशीकर कान कोरत बसतात. (एका बाईचं आयुष्य उसवलं जात असताना कान कोरणारा माणूस कसा असेल, हे वेगळं सांगावं लागतं का?) खेळ हळूहळू खरा होऊ लागतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे बेणारे पर्स उचलून दाराशी धावते. दार उघडत नाही. बाहेरून कडी पडलेली असते. त्या क्षणी आपल्याला ते चिमटलेलं बोट आठवतं आणि पोटात खड्डा पडतो.

आमची बेणारे धावली ती पडद्याशी येऊन थबकली. अडवणारं काहीच नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, ‘‘अगं, जा ना मग!’’ अख्खं सभागृह हसलं. विंगेत आल्यावर ती मुलगी रडली. ते रडू भूमिकेतलं नव्हतं. चूक तिची नव्हतीच, कंस गाळणाऱ्या माझी होती.

पुढच्या प्रयोगाला पाडलेल्या एका वाड्याचं दार मिळालं, लोखंडी कडीसकट. उचलायला चौघं लागायचे. दुसऱ्या अंकात ती कडी खडखडली, तेव्हा सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.