बिऱ्हाड कोठे थाटावे?



लग्नाला निघालेल्या मंडळींना आपण वऱ्हाड म्हणतो आणि आपल्या या प्रांतालाही वऱ्हाडच म्हणतो. पण लग्नाचे वऱ्हाड चार दिवसांत परतते. मागे उरतात ती दोघे, आणि त्यांच्यापुढे पहिला खरा प्रश्न उभा राहतो : बिऱ्हाड कोठे थाटावयाचे?

आपल्या जिल्ह्यातील कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने तिला नेले, अशी आपली श्रद्धा आहे. रुक्मिणीने वर स्वतः निवडला. गाव मात्र निवडले नाही. वराबरोबर जे गाव आले ते तिने आपले म्हटले. पुढे हजारो वर्षे आपल्या मुलींनी तेच केले. आज मुलगी स्वतः मिळवती आहे, आणि तरीही गाव ठरविताना तिला शेवटी विचारतात, हे मला बरे वाटत नाही.

माझ्या परिचयातील एका जोडप्याची गोष्ट सांगतो. तो अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, ती अमरावतीच्या एका महाविद्यालयात. दोन शहरांत शंभरेक किलोमीटरचे अंतर. त्याचे वडिलार्जित घर अकोल्यात, तेव्हा तिने रोज ये-जा करावी, असे सर्वांनी गृहीतच धरले. कोणी तडजोड सुचविली, “मूर्तिजापूर मध्यावर आहे, तेथे राहा!” ऐकावयास न्याय्य; पण त्यात दोघेही रोज दमून येणार आणि दिवेलागणीला घराला कुलूप. गैरसोय निम्मी-निम्मी वाटली म्हणजे सोय होत नाही.

मग तिने एक साधी गोष्ट केली. कागदावर दोघांच्या आठवड्याचे तास मांडले. तिचे तास सकाळी लवकर सुरू होत, त्याचे उशिरा. बडनेऱ्याला राहिले तर तिला अमरावती दहा किलोमीटर, आणि त्याला मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरील गाड्या दाराशी. अकोला तेथून रेल्वेने सुमारे ८० किलोमीटर. लांबचा प्रवास त्याने पत्करला, पण तीनच वर्षांसाठी. त्यानंतर पुन्हा दोघांनी बसून हिशेब करावयाचा. वडील प्रथम रागावले. पण त्या कागदापुढे त्यांनाही उत्तर सापडले नाही. मला त्यांच्या निवडीपेक्षा तो कागद मोलाचा वाटतो.

शहर ठरल्यावर वस्ती. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार होती, अकोल्याची ४ लाख २६ हजार. अमरावतीत १९८३ पासून विद्यापीठ आहे. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आणि २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे कोणतेही एक शहर दुसऱ्याहून सर्वस्वी सरस नाही. फरक पडतो तो गल्लीगल्लीत.

पहिली गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरीचे पाणी पाहावयास निर्मळ, पण तोंडात धरवत नाही. म्हणून “बोअर आहे” एवढ्यावर भुलू नका. ओंजळभर पाणी चाखून पाहा. अमरावतीला ऊर्ध्व वर्धेचे आणि अकोल्याला काटेपूर्णेचे पाणी मिळते. पण आपल्या गल्लीत ते मे महिन्यात किती दिवसांआड येते, हे शेजारणीलाच विचारावे. आपला उन्हाळा तर ठाऊकच आहे. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला. अशा दिवसांत कूलरही माणसासारखाच बादल्याच्या बादल्या पाणी पितो.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी माती कपाशीची माय, पण घराची सावत्र आई! पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर भिंतीही तिच्याबरोबर भेगाळतात. नव्या लेआउटमधील रंगविलेल्या भिंतीपेक्षा शेजारचे दहा वर्षांचे घर पाहावे. ते खरे बोलते. नदीकाठची जागा असेल तर पुराची रेषा विचारावी. २०२१ च्या जुलैमध्ये मोर्णेचे पाणी अकोल्याच्या वस्त्यांत शिरले होते.

तिसरी गोष्ट शेजाराची. रविवारी सकाळी कोणतीही वस्ती गोजिरीच दिसते. तेव्हा एकदा मे महिन्याच्या भर दुपारी जा, एकदा मुसळधार पावसात जा, आणि एकदा रात्री नऊनंतर तिला एकटीला त्या रस्त्याने घरापर्यंत चालत यावयाचे आहे, असे मनात धरून जा. रस्त्यावर दिवे आहेत का? ओट्यावर कोणी बसलेले आहे का? एखादी म्हातारी “कोणाकडे जायचं, बाई?” म्हणून विचारते का? तो प्रश्न काहींना भोचकपणा वाटतो. परंतु घरी आजारी माणूस असेल, तेव्हा प्रथम धावून येते ती हीच म्हातारी.

मित्रहो, घराचा दस्त आता पुष्कळदा दोघांच्या नावे होतो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सही दस्तावर घेण्यापूर्वी ती निर्णयावर घ्यावी, एवढेच मला सांगावयाचे आहे. लग्नात सप्तपदी दोघे मिळून चालतात. घराच्या उंबरठ्यापर्यंतची पावलेही दोघांनीच मोजावीत.