गोर्गोन्झोलाचा दाट सॉस

इटलीच्या उत्तरेकडील लोंबार्दी आणि पिएमोंते या मुलखांत गाईच्या दुधापासून सिद्ध होणारे गोर्गोन्झोला नावाचे जे चीज आहे, त्याच्या अंगातील निळसर-हिरव्या रेषा पाहून नवखा मनुष्य प्रथम साशंक होतो. परंतु ती बुरशी नासाडीची नसून हेतुपुरस्सर घातलेली, पेनिसिलियम कुळातील असते, आणि चीजच्या गोळ्यास लांब सुया टोचून आत हवा खेळविल्यावाचून ती नीट पसरतही नाही. मऊ, सौम्य ‘दोल्चे’ आणि अधिक काळ मुरलेले, झणझणीत ‘पिकांते’ या दोन प्रकारांपैकी सॉससाठी पहिलाच पत्करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौघांसाठी 150 ग्रॅम चीज व तितकेच मिलिलिटर क्रीम पुरे. क्रीम मंद आचेवर ऊन करून चीजचे तुकडे त्यात सावकाश विरघळू द्यावेत. खळखळून उकळी फुटली, तर दुधातील प्रथिने आकसून गुठळ्या होतात आणि स्निग्धांश वेगळा पडतो. मीठ चाखल्यावाचून घालू नये, कारण हा जिन्नस मुळातच खारट. पेन्ने पास्ता दाताखाली किंचित कणखर असतानाच उपसून, त्याचे पिष्टयुक्त पाणी पळीभर सॉसमध्ये मिसळले, म्हणजे सारे एकजीव होते. वर भाजलेल्या अक्रोडाचे तुकडे आणि मिरपूड घालावी. किसलेल्या पार्मेझानची भर मात्र मला केवळ उधळपट्टी वाटते. सॉस निवताच आळतो, सबब पाहुणे पानावर बसल्यावरच पास्ता त्यात घोळवावा.