स्टिअरिंगमागच्या पट्ट्या



नाशिककराला घाट नवा नाही. मुंबईला जायचं तर कसारा, देवीला जायचं तर नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाट. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि मुंबईकडची बरीच वाहनं बोगद्यातून जाऊ लागली. पण गडावर जायला बोगदा नाही. त्यामुळे जुन्या ड्रायव्हर मंडळींचा नियम आजही खरा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत.

ऑटोमॅटिक गाडीत हा नियम पाळायचा कसा? 'डी'मध्ये ठेवून उतरू लागलात, तर अनेक गाड्या उतारावरही वरचा गिअर घेतात. गाडी मोकळी धावते, पाय सारखा ब्रेकवर राहतो आणि ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. अशा वेळी कामाला येतात त्या स्टिअरिंगच्या मागे, दोन्ही बाजूंना कानांसारख्या असणाऱ्या दोन पट्ट्या. त्यांना पॅडल शिफ्टर म्हणतात. डावी ओढली की गिअर खाली, उजवी ओढली की वर.

ही कल्पना शर्यतीतून आली. १९८९ साली फेरारीच्या फॉर्म्युला वन गाडीत जॉन बर्नार्ड या अभियंत्याने ती आणली आणि त्या हंगामातली पहिलीच, ब्राझीलमधली शर्यत नायजेल मॅन्सेलने जिंकली. गंमत म्हणजे त्या शर्यतीत त्याचं स्टिअरिंगच सैल झालं होतं. मध्येच थांबून ते बदलावं लागलं. १९९७ मध्ये फेरारीच्या रस्त्यावरच्या गाडीत पॅडल आलं आणि आता आपल्याकडच्या सिटी, ब्रेझा, कुशाक, टायगुन अशा गाड्यांच्या काही ऑटोमॅटिक प्रकारांतही ते मिळतं.

पण कंपनीची पट्टी बहुधा लहान असते. ज्यांची बोटं आखूड आहेत किंवा संधिवाताने नीट वळत नाहीत, त्यांना ती ओढायला हाताची पकड सोडावी लागते. घाटात हे बरं नव्हे. यावर बाजारात एक्सटेन्शन मिळतं. पट्टीवर चिकटवायचा किंवा अडकवायचा हा लांब तुकडा कधी ॲल्युमिनियमचा असतो, कधी प्लास्टिकचा. माझ्याकडे ते बसवायला येणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं असतात. एकांना ते हवं असतं दिसायला, दुसऱ्यांना हाताला. मी दोघांनाही आधी एकच सांगतो: ड्रायव्हरच्या सीटवर बसा, नेहमीसारखं स्टिअरिंग धरा आणि बोट लांब करा. पोचत असेल, तर पैसे खिशात ठेवा.

पोचत नसेल, तर लगेच डिंक लावू नका. तो तुकडा आधी कागदी टेपने नुसता अडकवा. गाडी उभी असताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. इंडिकेटर द्या, वायपर लावा, डिपर मारा. कुठे बोट अडतं का, लिव्हरला तुकडा घासतो का, ते पाहा. कुशाक, टायगुनसारख्या गाड्यांत इंडिकेटर डाव्या हाताला असतो. तिथे गिअर उतरवायची पट्टी लांबवली, तर ती नेमकी इंडिकेटरच्या पुढे येते. सिटी, ब्रेझामध्ये तो उजवीकडे असल्याने उजवी पट्टी तपासावी लागते. वळणावर इंडिकेटर द्यायला गेलात आणि गिअर पडला, तर एक्सटेन्शनचा उपयोग काय?

सगळं मोकळं चालत असेल, तर मूळ पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी चांगली टेप लावा, तुकडा दाबून धरा आणि गाडी एक दिवस तशीच राहू द्या. चैत्र-वैशाखात उन्हात उभ्या गाडीत हलकी टेप मऊ होते, तुकडा घसरतो आणि ॲल्युमिनियम बोटांना चटके देतं. शिवाय आत एक छोटं बटण आणि त्याला परत ढकलणारी स्प्रिंग असते. बाहेर जड तुकडा लटकवला, तर खड्ड्याच्या हादऱ्याने बटण दाबलं जाऊ शकतं. म्हणून हलका, कडा गोल केलेला आणि गरजेपुरताच लांब तुकडा घ्यावा.

काही ठिकाणी मूळ पट्टी काढून नवी लांब पट्टी बसवतात. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगवरचं हॉर्नचं झाकण, म्हणजेच एअरबॅग, उतरवावी लागते. एअरबॅग स्फोटानेच फुगते. बॅटरी सोडवून, गाडीच्या मॅन्युअलात सांगितला असेल तेवढा वेळ थांबल्याशिवाय तिला हात लावायचा नसतो. हे काम घरच्या अंगणात करू नये. गाडी वॉरंटीत असेल, तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारावं. एअरबॅगच्या झाकणावर किंवा त्याच्या फटीवर तर काहीच चिकटवू नये. ती फुगली की तो तुकडा चेहऱ्याकडे येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पट्टी लांब केली की भर वळणात गिअर टाकता येईल, असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पट्ट्या स्टिअरिंगबरोबर फिरतात. गडाच्या घाटात स्टिअरिंग अर्धा फेरा फिरलं, की डावी पट्टी उजवीकडे जाते. गोंधळ होणारच! म्हणून गिअर उतरवायचा तो वळणाच्या आधी, स्टिअरिंग सरळ असताना. उतार लागण्यापूर्वीच गाडी मॅन्युअलला घ्या. 'डी'मध्ये राहून पट्टी ओढली, तर बऱ्याच गाड्या थोड्या वेळाने आपोआप पुन्हा स्वतःचा गिअर निवडतात. वेग फार असेल, तर गाडीचा संगणक खालचा गिअर देतही नाही. तेव्हा आधी ब्रेकने वेग कमी करा, मग पट्टी ओढा.

नवीन एक्सटेन्शन बसवल्यावर पहिला सराव सपाट, मोकळ्या रस्त्यावर करा. चार-आठ दिवसांनी तुकडा हाताने हलवून पाहा, टेप सुटली नाही ना ते बघा. मगच घाटाकडे वळा.